बंद घर, सामाईक वापर: कोकणातल्या तालुक्याच्या गावात स्वयंव्यवस्थापित जागा कशी उभी करावी

कोकणातल्या तालुक्याच्या गावांत बाजारपेठेमागच्या आळ्यांमध्ये कुलूपबंद घरे रांगेने उभी असतात. त्याच गावात नाटकाच्या तालमीला, स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाला, बचत गटाच्या बैठकीला किंवा चार जणांना निवांत बोलायला, काही विकत न घेता बसता येईल अशी जागा मात्र सापडत नाही. घर आहे पण वापर नाही, गरज आहे पण भाडे परवडत नाही, हा गुंता बाजाराच्या नियमाने सुटत नाही, कारण बाजाराच्या लेखी बंद घर म्हणजे भाव चढण्याची वाट पाहणारा प्लॉट असतो. युरोपातल्या अनेक शहरांत लोकांनी अशी रिकामी घरे, कारखाने आणि लष्करी बराकी ताब्यात घेऊन स्वतः चालवल्या. त्या अनुभवातले काय घ्यावे, काय सोडावे आणि इथल्या वारसांच्या गोतावळ्यात व इथल्या पावसात अशी जागा प्रत्यक्ष कशी उभी करावी, हे या लेखात मांडले आहे. माझे मत आधीच सांगतो: कुलूप कसे उघडले यापेक्षा ती जागा पुन्हा बाजारात जाऊ नये याचा बंदोबस्त कसा केला, याला अधिक महत्त्व आहे; आणि कोकणात कुलूप उघडायचे ते संमतीनेच.

बाहेरचा अनुभव

नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७१ साली असा निर्णय दिला की, ज्या घराचा कोणी वापरच करत नाही, तिथे शिरणे म्हणजे कोणाच्या घराची शांतता भंग करणे नव्हे. त्यानंतर रिकाम्या घरात शिरणारी मंडळी आत एक पलंग, एक टेबल आणि एक खुर्ची नेऊन ठेवत, म्हणजे घर वापरात असल्याचा पुरावा तयार होई आणि मालकाला न्यायालयाची पायरी चढावी लागे. ही वाट जवळजवळ चाळीस वर्षे खुली राहिली. १ ऑक्टोबर २०१० पासून असा ताबा तिथे गुन्हा ठरला. इंग्लंड आणि वेल्समध्ये राहत्या घरांच्या बाबतीत १ सप्टेंबर २०१२ पासून तेच झाले. मिलानमधले लिओनकावाल्लो हे सामाजिक केंद्र १९७५ साली ताब्यात घेतलेल्या जागेत सुरू झाले, १९८९ मध्ये पोलिसांनी उठवले, लोकांनी पुन्हा उभे केले, पुढे दुसऱ्या इमारतीत गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये तिथूनही त्याला बाहेर काढण्यात आले. अर्धे शतक मैफली, सभा आणि स्वयंपाकघर चालवूनही कागद दुसऱ्याच्याच नावावर राहिला, तर शेवटचा शब्दही दुसऱ्याचाच राहतो.

कोपनहेगनच्या क्रिस्तियानियाचा प्रवास वेगळा आहे. १९७१ साली लोकांनी सोडून दिलेल्या लष्करी बराकींमध्ये वस्ती केली, सरकारशी चार दशके भांडण चालले आणि २०१२ साली रहिवाशांच्या न्यासाने सरकारकडून जागा विकत घेण्याचा व्यवहार केला. त्यासाठी काही पैसा ‘लोकांचा शेअर’ विकून उभा राहिला. हा शेअर घेणाऱ्याला मालकीचा कोणताही हिस्सा मिळत नाही, केवळ पाठिंबा नोंदवला जातो. मात्र याच वस्तीतल्या एका रस्त्यावर अमली पदार्थांचा उघड व्यापार बसला, तो टोळ्यांच्या हाती गेला आणि अखेर एप्रिल २०२४ मध्ये रहिवाशांनीच त्या रस्त्याचे दगड उखडून काढले. बाजाराला बाहेर ठेवल्याचे जाहीर करणारी जागा नियम करण्यात ढिली पडली, की बाजाराचा सर्वांत वाईट प्रकार आधी आत येतो.

आपल्या कामाची आणखी दोन उदाहरणे आहेत. नेपल्समध्ये २०१२ साली कलावंत आणि सांस्कृतिक क्षेत्रातल्या कामगारांनी एका जुन्या अनाथाश्रमाची इमारत ताब्यात घेतली, वापराचे नियम खुल्या सभेत स्वतः लिहिले, आणि २०१५ साली महापालिकेने त्या नियमांनाच मान्यता दिली. जागा कोणा एका संस्थेला बहाल न करता, नियम पाळून येणाऱ्या सर्वांची मानली गेली. जर्मनीत फ्रायबुर्गमधून सुरू झालेल्या भाडेकरूंच्या एका संघाने दीडशेहून अधिक घरे बाजारातून कायमची बाहेर काढली आहेत. त्यांची युक्ती साधी आहे: प्रत्येक घर एका छोट्या कंपनीच्या नावावर असते, त्या कंपनीचे दोनच भागीदार असतात, एक त्या घरातल्या रहिवाशांची संघटना आणि दुसरा तो संघ, आणि दोघांची संमती असल्याशिवाय घर विकता येत नाही. रोजचा कारभार पूर्णपणे रहिवाशांकडे असतो. संघाचा नकाराधिकार फक्त विक्रीपुरता. आपल्याला नेमकी अशीच गाठ हवी आहे, आणि ती इथल्या कायद्यात कशी मारता येईल हे पुढे येईल.

कुलूप तोडणे इथे का बसत नाही

मालकीच्या कागदालाही आव्हान देता येते, हे कोकणाला कोणी नव्याने सांगायला नको. अलिबाग तालुक्यातल्या चरी आणि आसपासच्या गावांतल्या कुळांनी १९३३ ते १९३९ अशी सहा वर्षे खोतांची शेते न कसता पडीक ठेवली; नारायण नागू पाटील त्या संपाचे पुढारी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३७ साली मुंबईच्या विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले आणि खोती १९४९ च्या कायद्याने गेली. पण तिथे समोर खोत होता, दुसऱ्याच्या घामावर खंड वसूल करणारा. आजच्या बंद घराचा मालक बहुतेक वेळा डोंबिवलीत किंवा नालासोपाऱ्यात एका खोलीत संसार केलेला, गणपती आणि शिमग्याला न चुकता येणारा चाकरमानी असतो. त्याचे घर परस्पर बळकावण्याला भांडवलशाहीविरोध म्हणणे मला पटत नाही. खरा दबाव दलालाचा आहे. तो एका वारसाचा अविभक्त हिस्सा हळूच विकत घेतो आणि मग वाटपाच्या दाव्याचा धाक घालून उरलेल्यांनाही विकायला लावतो.

कायद्याची बाजूही समजून घ्यावी. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ नुसार दुसऱ्याच्या घरात गुन्हेगारी हेतूने किंवा त्रास देण्याच्या हेतूने शिरल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. विशिष्ट साहाय्य कायदा, १९६३ च्या कलम ६ खाली, संमतीशिवाय ताबा गेलेल्या माणसाला सहा महिन्यांच्या आत दावा लावून तो परत मिळवता येतो आणि त्या दाव्यात मालकी कोणाची हा प्रश्नच विचारला जात नाही. ‘बारा वर्षे राहिलो की घर आपले’ ही समजूत गावोगाव ऐकू येते. मुदतीच्या कायद्यात खासगी मिळकतीसाठी बारा आणि सरकारी मिळकतीसाठी तीस वर्षांची तरतूद आहे खरी, पण तो ताबा उघड, सलग आणि मालकाच्या हक्काविरुद्ध असल्याचे सिद्ध करावे लागते. परवानगीने घेतलेला ताबा कितीही वर्षे चालला तरी केवळ काळ लोटल्याने मालकाच्या हक्काविरुद्धचा ठरत नाही. हे शेवटचे वाक्य नीट लक्षात ठेवावे, कारण मालकाची भीती घालवायला तेच उपयोगी पडते.

घर निवडणे

घर पाहायला जाण्याआधी कागद पाहावेत. नगरपरिषदेच्या हद्दीत सिटी सर्व्हे झालेला असेल तर मिळकत पत्रिका, नसेल तर सातबारा आणि फेरफार, आणि जोडीला घरपट्टीचा असेसमेंट उतारा, एवढे मिळवावे. असेसमेंट उतारा हा मालकीचा पुरावा नव्हे. घरपट्टी कोणाच्या नावे निघते एवढेच तो सांगतो. मिळकत पत्रिकेवर बहुधा वारलेल्या आजोबांचेच नाव असते आणि वारस नोंद झालेलीच नसते, तेव्हा कुटुंबातल्या जाणत्या माणसाजवळ बसून वंशावळ लिहून काढावी. त्यात बहिणी आणि आत्या सुटू देऊ नयेत. हिंदू वारसा कायद्यात २००५ साली झालेल्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मिळकतीत मुलीला मुलाइतकाच हक्क मिळाला आहे, त्यामुळे ‘त्यांनी सोडलंय’ असे कोणी म्हटले तर नोंदवलेले हक्कसोडपत्र दाखवायला सांगावे. न्यायालयात वाटपाचा दावा चालू असलेले घर, बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा असलेले घर, देवस्थानच्या जमिनीवरचे घर आणि पडवीत जुना भाडेकरू असलेले घर, ही चारही कितीही देखणी असली तरी पहिल्या प्रयोगाला घेऊ नयेत.

इमारतीत काय पाहावे, याबाबत गवंडी आणि सुतार यांना एकाच दिवशी सोबत नेणे चांगले. जांभ्याच्या चिरेबंदी भिंती सहसा दगा देत नाहीत. घर बसते ते छपरामुळे. चार कौले सरकतात, पाणी वाशाच्या टोकात मुरते, वाळवी आढ्यापर्यंत चढते आणि एखाद्या श्रावणात छपराचे अख्खे पाखे, म्हणजे एका बाजूची उतरण, खाली येते. म्हणून वासे जिथे भिंतीत रुतलेले असतात तिथे टोचणीने टोचून पाहावेत. टोचणी सहज आत गेली तर तो वासा बदलावा लागेल, आणि निम्म्याहून अधिक वासे तसे निघाले तर ते घर आपल्या आवाक्याबाहेरचे समजावे.

मालकांशी बोलणे

सगळे हिस्सेदार गावात एकत्र भेटतात ते गणपतीत, आणि बोलणी तेव्हाच व्हायला हवीत. पोहोचल्याच्या दिवशी विषय काढू नये. विसर्जनानंतर परतीच्या गाडीच्या गडबडीत काढला तर ‘पुढच्या वर्षी बघू’ एवढेच उत्तर मिळते. मधल्या एखाद्या दुपारी, जेवणे आटोपल्यावर, ओटीवर बसून बोलावे आणि घरात ज्यांचा शब्द चालतो त्या वडीलधाऱ्यांना आधी विचारावे. अनेकदा त्या मुंबईत विधवा होऊन परत आलेल्या आत्याच असतात.

त्यांचा प्रश्न बहुतेक ठरलेला असतो: ‘घर मोडकळीला आलंय हे खरं, पण उद्या तुम्ही बाहेर पडलाच नाहीत तर?’ याचे उत्तर भावनेने न देता कागदाने द्यावे. ‘आत्या, मुदत लिहून देतो, नोंदवून देतो, परवानगीने राहिलेल्याचा हक्क लागत नाही हे तुमच्या वकिलाला विचारा, आणि देवघराला आम्ही हातही लावणार नाही,’ असे सांगितले की अर्धे काम होते. उरलेले अर्धे काम छप्पर करते. ‘येत्या मृगाआधी शाकारणी आम्ही करू’, म्हणजे छपराची कौले उतरवून पुन्हा नीट बसवू, हे आश्वासन ज्या घराला अनेक वर्षे पाखरांशिवाय कोणी पाहिलेले नाही, त्या घरच्यांना भाड्यापेक्षा मोलाचे वाटते. हिस्सेदारांपैकी एक जण परदेशात असेल तर त्याचे मुखत्यारपत्र मागवावे. तोंडी होकारावर काम सुरू करू नये.

कागद

करार कोणी करायचा हे आधी ठरवावे. नुसत्या मित्रमंडळाच्या नावाने करार केला, तर तो ज्या एक-दोघांनी सही केली त्यांच्याच अंगावर येतो. सात जणांना संस्था नोंदणी कायदा, १८६० खाली संस्था नोंदवता येते, आणि महाराष्ट्रात तिची सार्वजनिक न्यास म्हणूनही धर्मादाय आयुक्तांकडे नोंदणी होते. सहकारी संस्थेसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा सभासद लागतात. सामाईक कार्यशाळा किंवा दुकान चालवायचे असेल तर तो मार्ग योग्य, केवळ जागा चालवायची असेल तर न्यास बरा. का, ते पुढे येईल.

करार लिव्ह अँड लायसन्सचा असावा, भाडेपट्ट्याचा नको. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम ५२ नुसार परवाना म्हणजे दुसऱ्याच्या मिळकतीवर काही करण्याची मुभा. तिने मिळकतीत हितसंबंध निर्माण होत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा लागू असलेल्या शहरांत, कलम ५५ प्रमाणे असा करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकावर आहे. कायदा लागू नसला तरी नोंदणी करावीच. याच सुविधाधिकार कायद्याच्या कलम ६० मध्ये एक मेख आहे: परवान्यावर विसंबून कोणी स्वखर्चाने कायमस्वरूपी काम केले असेल, तर तो परवाना रद्द करता येत नाही. मालकाचा वकील नेमका इथेच अडतो, म्हणून आपणच ही शंका मिटवणारे कलम करारात घालावे. मसुद्याची भाषा साधारण अशी ठेवता येते:

‘सदर घर व खळे यांचा वापर संस्था मालकांच्या संमतीने व केवळ मुदतीपुरता करीत असून, या वापरामुळे अगर संस्थेने केलेल्या कोणत्याही दुरुस्तीमुळे संस्थेस वा तिच्या सभासदांस कुळाचा, भाडेकरूचा अगर मालकीचा हक्क प्राप्त झाला आहे असे संस्था केव्हाही म्हणणार नाही. मुदतीत कोणाही हिस्सेदारास आपला हिस्सा विकावयाचा झाल्यास त्याने प्रथम इतर हिस्सेदारांस व त्यानंतर संस्थेस लेखी कळवून नव्वद दिवसांचा अवधी द्यावा. गणेशोत्सव व शिमगा या काळात माजघर, स्वयंपाकघर व देवघर कुटुंबाच्या वापरासाठी मोकळे राहील.’

मधले वाक्य सर्वांत महत्त्वाचे आहे, कारण दलालाची वाट तेच अडवते. एरवीही अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातला हिस्सा विकत घेणाऱ्या परक्याला घरात संयुक्त ताबा मागता येत नाही, आणि त्याने वाटपाचा दावा लावला तर वाटप कायदा, १८९३ च्या कलम ४ नुसार कुटुंबातल्या हिस्सेदाराला तो हिस्सा न्यायालयाने ठरवलेल्या किमतीत विकत घेता येतो. ही माहिती घरच्यांना सांगणे, हेही आपल्या कामाचाच भाग आहे.

मुदत पाच वर्षांपेक्षा कमी नसावी. त्याहून कमी मुदतीत छपरावर केलेला खर्च आणि श्रम यांचा मेळ बसत नाही. घरपट्टी संस्थेने भरावी, पावती मालकाच्या नावावर येऊ द्यावी. विजेचा मीटर मालकाच्याच नावावर ठेवून वापराचा प्रकार महावितरणला विचारून लेखी ठरवून घ्यावा.

शाकारणी आणि डागडुजी

काम शिमग्यानंतर सुरू करून मृगाआधी संपवावे. पहिल्या दिवशी घरात शिरणाऱ्यांनी गमबूट घातलेले असावेत आणि हातात काठी असावी, कारण पडलेल्या चिऱ्यांच्या ढिगाखाली फुरसे असण्याची शक्यता कोकणात नेहमीच असते. सर्पमित्राचा दूरध्वनी क्रमांक आणि जवळच्या ग्रामीण रुग्णालयात सर्पदंशावरचे प्रतिविष आहे की नाही ही चौकशी, दोन्ही आधीच करून ठेवावीत.

छप्पर आढ्याकडून खाली उतरवत यावे. उतरवलेले प्रत्येक मंगलोरी कौल बोटाच्या पेराने वाजवून पाहावे. खणखणीत वाजले तर ठेवावे, बद्द वाजले तर ते तडकलेले असते. चांगली कौले पाण्यात घासून शेवाळ काढावे आणि खळ्यात उभी रचावीत, आडवी रचली तर खालची फुटतात. रिपा सगळ्या एकदम बदलू नयेत. कौलाची अडण जिथे बसते तिथे जी रीप दबली असेल तेवढीच बदलावी. नव्या लाकडाला वाळवीचे औषध किंवा काजूच्या टरफलांचे तेल लावावे. हे तेल कातडी भाजते, म्हणून हातमोजे घालूनच हाताळावे. पुन्हा शाकारताना खालच्या ओळीपासून वर जावे, आणि पश्चिमेच्या पाख्यावर, जिथे झडीचा मारा असतो, खालच्या दोन ओळी तारेने बांधून घ्याव्यात. तरुणांना हे शिकवणारे म्हातारे शाकारणीदार प्रत्येक तालुक्यात अजून आहेत. त्यांना मजुरी पुरी द्यावी, श्रमदानाच्या नावाखाली त्यांचा दिवस फुकट घेऊ नये. श्रमदान करणाऱ्याचे पोट दुसरीकडे भरत असते, यांचे याच कामावर भरते.

विहीर असेल तर एप्रिल-मेमध्ये पूर्ण उपसा करून गाळ काढावा आणि पहिल्या पावसानंतर ब्लीचिंग पावडर टाकून पाण्याची तपासणी करून घ्यावी. वायरिंग जुने असेल तर दुरुस्तीच्या नादी न लागता सगळे नवे करावे, अर्थिंगसह. पडवी वाढवणे, भिंत पाडणे, मजला चढवणे यांतले काहीही परवानगीशिवाय करू नये. घर भरतीरेषेच्या जवळ असेल तर किनारा नियमनाचे नियम वेगळे लागतात.

जागा चालवणे

कोकणी माणसाला स्वयंव्यवस्थापन परके नाही. गिरणगावातल्या चाळींत कोकणातल्या गावांच्या मंडळांनी खोल्या घेतल्या, एकेका खोलीत गावचे दहा-वीस गडी पाळ्यांप्रमाणे झोपत, ट्रंका भिंतीशी रचलेल्या असत, वर्गणी ठरलेली असे आणि नव्या मुलाला काम मिळेपर्यंत आसरा असे. गावाकडे गावकी आहे. ती शिमग्याची पालखी नाचवते, पाखाडी बांधते आणि वर्गणीचा हिशेब सहाणेवर, म्हणजे पालखी ठेवायच्या चौथऱ्यावर, वाचून दाखवते. हिशेब उघड्यावर वाचण्याची ही रीत जशीच्या तशी उचलावी. पण गावकीने माणसे वाळीतही टाकली आहेत, रायगडमधल्या अशा प्रकरणांची चर्चा राज्यभर झाली, आणि सामाजिक बहिष्काराविरुद्धचा महाराष्ट्राचा २०१६ चा कायदा त्याच पार्श्वभूमीवर आला. बायकांना बैठकीत बसू न देणारी, एका वाडीच्या शब्दावर चालणारी गावकी ही नफा न कमावणारी असली तरी मुक्त जागा नव्हे.

म्हणून जातीचा प्रश्न पहिल्याच बैठकीत उघडपणे घ्यावा. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे सर्वांना खुले असल्याचा ठराव १९२४ साली केला होता, तरी तिथले पाणी प्यायला २० मार्च १९२७ चा सत्याग्रह करावा लागला आणि उच्च न्यायालयाचा निकाल यायला १९३७ उजाडले. ‘सर्वांसाठी खुले’ अशी पाटी लावून जागा खुली होत नाही. स्वयंपाकाची पाळी नावांच्या यादीप्रमाणे लावावी आणि कोणी ‘मी डबा घरून आणतो’ असे म्हणू लागला तर तो विषय कुजबुजीत न ठेवता बैठकीत आणावा. विहिरीवर कोणाला कोणी अडवले, तर अडवणाऱ्याला जागा बंद, एवढा एक नियम चर्चेपलीकडचा असावा.

बैठक पंधरा दिवसांनी, ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी घ्यावी, आणि दिवस ठरवताना मच्छीमार कुटुंबांची समुद्रावर जाण्याची वेळ आणि बाजाराचा दिवस विचारात घ्यावा. अध्यक्ष दर वेळी नवा, इतिवृत्त लिहिणारा नवा; मात्र हिशेबाची वही सहा महिने एकाच हाती ठेवावी, नाही तर घोळ होतो. निर्णय शक्यतो सहमतीने व्हावेत. दोन बैठकांत सहमती झाली नाही तर तिसऱ्या बैठकीत दोन तृतीयांश मतांनी, असा नियम आधीच लिहून ठेवावा, कारण सहमतीचा आग्रह बेमुदत चालला की शेवटी ज्याला घरी जाण्याची घाई नसते त्याचेच म्हणणे खरे ठरते. किल्ल्या तीन असाव्यात, तीन वेगवेगळ्या आळ्यांतल्या माणसांकडे, आणि त्यांतली एक तरी बाईच्या हाती.

पैशाबाबत माझी शिफारस अशी. जागेचा वापर विनामूल्य ठेवावा, दाराजवळ पेटी ठेवावी आणि महिन्याचा खर्च, म्हणजे घरपट्टीचा हिस्सा, वीज, पाणी, डागडुजी, फळ्यावर लिहून ठेवावा. खर्च दिसला की लोक पेटीत टाकतात. हत्यारांची बँक, बियाण्यांची देवघेव, जुन्या पाठ्यपुस्तकांचे कपाट, पावसाळ्यात कपडे आणि मिरच्या वाळवायला चुलीवरची माळी, संध्याकाळचा अभ्यास, या गोष्टी पैशावाचून सहज चालतात. रोज जेवण देणारी खानावळ मात्र पैशावाचून चालत नाही. ती सुरू करायचीच असेल तर स्वयंपाक करणाऱ्या बायकांना वेतन धरूनच ताटाचा दर ठरवावा.

कोकणातला सर्वांत मोठा मोह होमस्टेचा आहे. ‘मागच्या दोन खोल्या डिसेंबरात पर्यटकांना दिल्या तर वर्षाचा खर्च निघेल,’ असे कोणी तरी पहिल्याच दिवाळीत सुचवतेच, आणि हिशेबाने ते बरोबरही असते. तरी ते करू नये. खोलीला भाव आला की अभ्यासाला येणारी मुले अडचण वाटू लागतात, हिस्सेदारांना भाड्याची गणिते सुचतात आणि दोन हंगामांत ती जागा आळीतल्या इतर होमस्टेंसारखीच होते. पुढाऱ्याने देऊ केलेल्या खुर्च्या आणि त्यांवर रंगवलेले नाव, याबाबतही हाच नियम ठेवावा.

विकता न येणारी जागा

काही वर्षांनी कुटुंबच म्हणेल की घर तुम्हीच घ्या. ही वेळ आली, तर जर्मन संघाने कंपनीच्या रचनेतून मारलेली गाठ इथे न्यासाने मारता येते. महाराष्ट्र सार्वजनिक न्यास अधिनियम, १९५० च्या कलम ३६ नुसार सार्वजनिक न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय विकता, बदलून देता किंवा बक्षीस देता येत नाही. इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीने भाडेपट्ट्यावरही देता येत नाही. पुढे पदाधिकारी बदलले, त्यांना चांगला भाव आला, तरी ही आडकाठी राहते. त्यावर आपली दुसरी गाठ मारावी: विक्रीसाठी जिल्ह्यातल्या अशाच दुसऱ्या एका संस्थेची लेखी संमती आवश्यक, असे कलम संस्थेच्या घटनेत घालावे. खरेदीसाठी लागणारा पैसा गावातून आणि मुंबईच्या मंडळांतून लहान लहान रकमांनी, परताव्याचे वचन न देता गोळा करावा. कोणी एकाने निम्मी रक्कम देऊ केली तर नम्रपणे नाकारावी. निम्मी रक्कम देणारा पुढे निम्मा मालक असल्यासारखा बोलू लागतो.

मुदत संपताना

कुटुंबाने घर परत मागितले, तर वाद न घालता द्यावे, कारण पुढचे दहा मालक याच एका घराकडे पाहून निर्णय घेणार असतात. ताबा घेतला त्या दिवशी काढलेली छायाचित्रे आणि वस्तूंची यादी यांच्याशी ताडून घर हिस्सेदारांच्या उपस्थितीत सोपवावे, त्याची पावती घ्यावी, विजेचे आणि घरपट्टीचे शेवटचे बिल भरून पावत्यांची प्रत द्यावी. वासे, कौले, वायरिंग ही घराची. हत्यारे, कपाटे, पुस्तके ही संस्थेची, हे करारातच लिहिलेले असावे म्हणजे शेवटच्या दिवशी दारात हुज्जत होत नाही. मुदत संपण्याच्या निदान दीड वर्ष आधी, म्हणजे मधे एक गणपती सापडेल अशा बेताने, पुढच्या घराची वंशावळ लिहायला घ्यावी.